साठ अंशांवरचं कबुतर

धर्मपालला एका जागी बसवत नसे. आई पारूबाई म्हणायची, "ह्याच्या पायाला भिंगरी हाय." सोलापुरातल्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता. पुण्याच्या एका सरांकडे त्यानं पीएच.डी.ला नाव घातलं आणि विषय मिळाला नेमका वाट बघायला लावणारा: पक्ष्यांचा डीएनए.

पक्ष्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, म्हणून चमचाभर रक्तातूनही पुष्कळ डीएनए निघतो. तो उकळला की त्याचे जोडधागे सुटे होतात. साठ अंशांवर ठेवले की सुटे धागे पुन्हा आपापली जोडी शोधतात. ज्या तुकड्याच्या हजारो नकला असतात त्याला जोडी चटकन मिळते. जो एकुलता एक असतो तो दिवसचे दिवस भटकत राहतो. कोण कधी जुळलं यावरून कळायचं, की त्या पक्ष्यात पुन्हापुन्हा येणारा मजकूर किती आणि एकदाच येणारा किती.

नळ्या ठेवलेल्या विजेवरच्या गरम पाण्याच्या पेटीभोवती धर्मपाल घिरट्या घालायचा. झाकण उघडून बघायचा, पुन्हा लावायचा. बघण्यासारखं आत काही नसायचंच.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात कबुतराचे आकडे आले. गाई-माणसांच्या मानानं पक्ष्यांत पुनरावृत्ती कमी, असं परदेशातल्या लोकांनी दाखवलं होतं. धर्मपालच्या कबुतरात मात्र ती दुप्पट निघाली. सर खूश झाले. "छापायला घेऊ या. लिहायला लाग," म्हणाले.

पेढे वाटावेत अशी बातमी, पण धर्मपालच्या घशाखाली घास उतरेना. सकाळी तो कंबर तलावाला दोन-दोन चकरा मारी, वर्गात एकच वाक्य दोनदा बोले.

"झालंय काय तुमाला?" बायकोनं, मीनानं, जेवताना विचारलं.

"आकडा बरा आलाय. लईच बरा आलाय."

"मग?"

"तीच भीती वाटतीय. पेटी गार झाली असंल तर असं होतं. गारव्यात नीट न जुळणारे धागेपण एकमेकाला चिकटतात, आन् आपल्याला वाटतं नकलाच नकला हायेत."

मीनाचा हात थांबला. त्यांची खोली कॉलेजच्या मागेच, विजेच्या त्याच तारेवर होती. "तुमी वैरागला बदकं बघायला गेलता, त्या दिवशी दुपारभर लाइट नव्हती की."

धर्मपाल ताटावरून उठला.

नळ्या पुन्हा भरल्या. या खेपेला पेटीशेजारी रॉकेलचा स्टोव्ह आणि उष्णतामापक आला. लाइट गेली की पेटीखाली स्टोव्ह लावायचा, पारा साठावर धरायचा. त्याचे तास असले की मीना बसायची, एरवी तो. धर्मपालचा गुडघा टेबलाखाली सारखा हलत राही. पाण्यावर तरंग उठायला लागले तेव्हा मीनानं त्याचं स्टूल लांब सरकवलं. लाइट तीनदा गेली. पारा मात्र हलला नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो नळ्या घेऊन पुण्याला गेला. तिथल्या, जुळलेले धागे मोजणाऱ्या यंत्रानं रेघ काढली ती अगदी परदेशातल्या रेघांसारखी. दुप्पट पुनरावृत्ती नाहीशी झाली होती.

सरांनी कागद उचलून बघितला. "मग यात नवं काय राहिलं?"

"काही नाही, सर."

"अरे, पहिल्या आकड्यावर तुझं नाव झालं असतं."

"कबुतरात ते नव्हतंच, सर."

सरांनी कागद खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बदकाचं कधी लावतोस?"

परतीच्या गाडीत धर्मपाल दारात उभा राहून आला. नाव झालं असतं, हे शब्द केम स्टेशन मागे पडलं तरी डोक्यात ठुसठुसत होते. दुःख होतं, खोटं कशाला बोला. पण कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याला भूक लागली होती. सोलापूरला उतरून त्यानं गाड्यावर उभ्याउभ्याच चार भजी खाल्ली आणि घरी न जाता कॉलेजची वाट धरली.

प्रबंध पुढं तीन वर्षांनी झाला. कबुतर, कोंबडी, बदक, तिन्हींच्या रेघा साध्या, कुणी दचकू नये अशा. त्या बघायला कुणी फारसं आलंही नाही. धर्मपाल मात्र तोवर तितराच्या मागे लागला होता.