आत्याची ठमी अन् उमरेडची एसटी

आमच्या घरात मांजर मारली नाही. पोत्यात भरून एसटीनं उमरेडकडे नेली.

मारली तर काशीला सोन्याची मांजर द्यावी लागते ना!
सोडून दिली की पाप लागत नाही. वा रे धर्म!

काल आत्या गेली. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर "किती मायाळू होती" सुरू आहे. लिहिणारे तेच, जे तेव्हा तिला हसले होते. किळस आली, म्हणून मी हे लिहून राहिले.

ऐंशी-एक्याऐंशीचा उन्हाळा. आत्याची मांजर ठमी माझ्याहून वयानं मोठी.

जन्मभर शहाण्यासारखी राखेच्या टोपल्यात जाणारी ती, अचानक घरात कुठेही मुतायला लागली.
कूलरच्या टाकीला तोंड लावून सारखी पाणी प्यायची. पोटभर खायची, तरी अंगावर नुसती हाडं. कोपऱ्यात बसून भेसूर रडायची.

"म्हातारी चळली," मोठेबाबा म्हणाले. म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ.
"मांजर रडनं घराले चांगलं नाही," माझी आई.

आत्या एकटीच मागे लागली. "दादा, तिले काहीतरी होऊन राहिलं गा. जनावरांच्या दवाखान्यात दाखवू ना."
"मांजरीले दवाखाना? येडी झाली काय वं तू?"
सगळं घर खो खो हसलं.

मग ठमी मोठेबाबांच्या सोवळ्यावर मुतली. झालं!

आत्या कुहीला लग्नाला गेली होती. तेवढ्यात मोठेबाबांनी ठमीला पोत्यात घालून त्याचं तोंड सुतळीनं शिवलं. उमरेडच्या अलीकडे उतरून, भर उन्हात शेतात सोडून आले.
घरी येऊन आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं अन् आमरस-पोळी हाणली.
छी!

आत्या परतली, तशीच उलट्या पावली उमरेडच्या गाडीत बसली. बांधाबांधानं "ठमे, ठमे" करत फिरली. नाही सापडली.

काही वर्षांनी मोठेबाबा तांब्यावर तांब्या पाणी प्यायला लागले. खायचे अन् वाळत जायचे. अंथरूण ओलं व्हायचं.
तेव्हा मात्र कोणी "चळला" म्हणालं नाही. धावत डॉक्टर आणला. साखर निघाली.

अन् त्यांच्या चादरी कोण धुवायचं? आत्या.

एकदा चादर बदलता बदलता म्हणाली, "दादा, ठमीचंही असंच सुरू झालं होतं."
मोठेबाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.
"भिऊ नको गा. तुले नाही घालत मी पोत्यात."

म्हाताऱ्या मांजरीचं वागणं एकदम बदललं, तर ती चळलेली नसते बाबांनो. तिला काहीतरी होत असतं, अन् सांगता येत नसतं. डॉक्टरकडे न्या.

आत्या, ठमे, तुम्हा दोघींना माझा नमस्कार.
ग्रुपवरच्यांनी आपली फुलं आपल्याजवळच ठेवावी.