कडेला आलेला मासा

सासरे माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलायचे. आमचं लग्न त्यांना पसंत नव्हतं आणि त्यानंतर बायकोने माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. तिच्या बाळंतपणासाठी सासूबाई अमेरिकेत, आमच्याकडे ॲन आर्बरला आल्या तेव्हा तेही सोबत आले, नातीला मांडीवर घेऊन बसू लागले, पण ‘घरी या’ एवढं काही त्यांच्या तोंडून निघेना. बायको त्याचीच वाट पाहत होती आणि ते बघून मी आतल्या आत चरफडत होतो.

त्यांचं परतणं जवळ आलं तेव्हा शेजारच्या गोऱ्या आजोबांनी सासऱ्यांना आणि मला आपल्या बोटीतून मस्की पकडायला नेलं. मस्की म्हणजे दोन-दोन हात लांब, जबडाभर दातांचा आणि महाखडूस मासा. आपण ओढत आणलेल्या खोट्या माशामागे तो थेट बोटीपर्यंत येतो, पण तोंड लावत नाही. कंटाळून आमिष उचललं की खेळ खलास. म्हणून आजोबांचा नियम असा की आमिष कडेला आलं तरी बाहेर काढायचं नाही. गळाच्या काठीचं टोक पाण्यात खुपसून इंग्रजी आठचा मोठा आकडा गिरवायचा, वळणावर वेग वाढवायचा. मासा दिसो वा न दिसो.

मी तासाभरातच कंटाळलो. सासरे मात्र चिपळूणचे, खाडीवर गळ टाकत मोठे झालेले. त्यांनी एकदाही टाळाटाळ केली नाही. फक्त आठ काही काढेनात. देवळात जन्मात उलटी प्रदक्षिणा घातली नव्हती, त्यामुळे उजवीकडे फिरलेला हात उलटा वळवायला ते तयार नव्हते. आजोबा हसून म्हणाले, “गोलही चालेल. मोठा काढा म्हणजे झालं.”

दुपार कलली. आजोबा परत निघायला इंजिनकडे वळले. सासऱ्यांचं शेवटचं आमिष कडेला आलं, मागे काहीही नव्हतं, तरी त्यांनी प्रदक्षिणा सुरू केली. दुसऱ्या फेऱ्याला बोटीखालून एक लांब सावली वर आली आणि आमिषामागे वळली. माझा हात तिथेच थिजला असता. त्यांचा थांबला नाही. वळणावर किंचित घाई, पुन्हा तोच संथ फेरा, आणि मग पाणी उसळलं. त्या क्षणी मला हा माणूस मनापासून आवडला.

आजोबांनी गळ सोडवून दिला. इथल्या रिवाजाप्रमाणे सासऱ्यांनी मासा पाण्यात धरला, त्याच्यात दम येऊ दिला आणि सोडला.

“कडेलाच घेतो तो,” परतताना ते म्हणाले. “आपण घाई करायची नाही.” मग थोड्या वेळाने, “उद्या थंडी वाढेल.”

विमानतळावर बायकोने वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघायला वळले. सासूबाई पुढे गेल्या. बायको डोळे पुसत गाडीकडे वळली तेव्हा मी हात धरून तिला थांबवलं आणि बाळ पुन्हा त्यांच्या हातात दिलं.

“बाबा, औषधं हातातल्या बॅगेतच ठेवलीत ना?” मी घरी विचारलेलंच पुन्हा विचारलं. “पाणी पिऊन घेता? स्वेटर वर काढून ठेवू?”

ते प्रत्येक प्रश्नाला मान हलवत राहिले. नातीने त्यांचं बोट धरलं होतं. मी चौथं काय विचारावं ते शोधत होतो.

“दिवाळीला घरी या,” ते नातीकडेच बघत म्हणाले. “तिघंही. तेव्हा हवा चांगली असते.”