आत्याच्या मागून येणारा आवाज

माझी आत्या कधी बसली असेल, यावर मखमलाबादेत कुणाचाच विश्वास बसणार नाही. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. मयताच्या घरीही दाराशी उभी राहून ती रडणाऱ्या बायकांना पाणी देणार. माझ्या लग्नात तिला मानाची खुर्ची दिली, तर तिनं तिच्यावर गजऱ्यांची टोपली ठेवली. फुलांची शेती तिची, गाडीत क्रेटही तीच चढवायची.

असाच एक क्रेट उचलताना तिच्या पाठीत चटकन काहीतरी झालं आणि दुसऱ्या दिवशी आत्या आडवी झाली. पडून राहिली की डोकं ठणठणीत. उठली की मानेपासून कपाळापर्यंत असं दुखे, की ती भिंत धरून खाली सरके. अंधाऱ्या खोलीत, गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढून, डोळे मिटून ती जमिनीवरून घर चालवू लागली. भेटायला आलेल्या शेजारणीनं उंबऱ्यातच हात जोडले. खालून आवाज आला, "जित्ती हाय मी. चहा घेऊन जा." ती बाई चहाला थांबली नाही.

एकदा तिला न्हाणीत नेताना ती मध्येच थांबली आणि मागं वळून बघू लागली. मागं कुणी नव्हतं. उभी राहिली की कान भरून येतात, म्हणाली, आणि आपलंच बोलणं मागून ऐकू येतं. "पण आवाज माझा नाय गं. आक्काचा हाय." आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. तिला जाऊन कित्येक वर्षं झाली होती. मी तिचा दंड घट्ट धरला. आत्या मात्र हसत होती.

एमआरआय बघून डॉक्टरांनी समजावलं, की मेंदू ज्या पाण्यात तरंगतो ते मणक्यातल्या आवरणाच्या बारीक छिद्रातून झिरपतंय. त्यानंच डोकं दुखतं आणि कानही भरतात. हातातलं रक्त काढून पाठीत, त्या आवरणाबाहेर सोडायचं. ते गोठून छिद्र बुजवतं. आत्यानं एवढंच विचारलं, की तो आवाजही जाईल का. जाईल, डॉक्टर म्हणाले. मग ती बरेच दिवस तयारच होईना. शेवटी मी तिच्याशेजारी फरशीवर आडवी झाले आणि म्हणाले, "आत्या, मला तू उभी पाहिजेस." तिनं आपली उशी माझ्या डोक्याखाली सरकवली. मग हो म्हणाली.

रक्त सोडताना नर्सला तिनं ऐकवलंच, "पाव्हण्याला त्याचाच डबा वाढताय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, उभी राहिली. डोकं दुखत नव्हतं. आमच्याकडं पाठ करून तिनं हलकेच "आक्का" म्हटलं, आणि मान किंचित वळवून कितीतरी वेळ कान देऊन राहिली.