हिराबाईचे कंद: डोंबिवली ते मलंगगडाचा पायथा

दोन महिने झाले, आईचं जेवणातलं लक्षच उडालं होतं. एका संध्याकाळी पोळी बाजूला सारत म्हणाली, "हिराबाईचे कंद असते तर खाल्ले असते." त्याच रविवारी मी निघाले.

हिराबाई म्हणजे मलंगगडाच्या पायथ्याची ठाकरीण. मी शाळेत असताना थंडीत रानातल्या कंदांची पाटी घेऊन डोंबिवलीत आमच्या दारात यायची. तिच्या प्रत्येक कंदाचं वरचं टोक कापलेलं असे आणि आई दरवर्षी त्यावरून घासाघीस करी, "किडका भाग कापून आणतेस, कमी कर." हिराबाई हसायची आणि कमी करायची. त्या हुज्जतीशिवाय आमचा हिवाळा सुरू होत नसे. पुढे तिचं येणं थांबलं. आम्ही साधी चौकशीही केली नाही, याची आता लाज वाटते.

कल्याण स्टेशनाबाहेरून मलंगगडाची बस मिळते. सकाळी लवकर गाठा, नंतर रस्ता तुंबतो. पायथ्याशी चहा-वडापावची सोय आहे. विचारत विचारत वाडीत पोचले तर हिराबाई कधीच गेली होती. तिची लेक सगुणा भेटली, माझ्याच वयाची. माझ्या आईची इच्छा ऐकली आणि तिने पहार उचलली.

"चला, आयची वेल हाय मागं."

वेल वाळलेली होती. अर्धा तास खणल्यावर हातभर कंद निघाला. सगुणाने त्याचं वरचं टोक कापलं.

"ते पण द्या ना, कुंडीत लावते," मी म्हटलं.

"नाय ताई. डोकं इथलं हाय. ते परत नाय ठेवलं तर पुढल्या साली खायचं काय? आय याच वेलीचं तुमच्याकडं आणायची."

ते डोकं मीच खड्ड्यात ठेवलं, माती ओढली. पायाने दाबायला गेले तर तिने अडवलं, "मोकळी राहू दे, वेलीला वर यायचंय." तिने सांगितले तेवढे पैसे दिले. तुम्हीही गेलात तर वाडीतल्या कुणासोबतच जा, स्वतः खणू नका.

घरी कंद उकडला, फोडी करून, मीठ लावून आईपुढे ठेवल्या. दोन फोडी तिने चवीने खाल्ल्या. मग मी सगळं सांगितलं आणि तिचा हात ताटातच थांबला.

"इतकी वर्षं ती बोलली का नाही गं?"

मग तिसरी फोड उचलत तीच म्हणाली, "खड्डा नीट बुजवलास ना?"