गोऱ्या गुलाबरावांना भरीत

चहा आधी संपवून घ्या. मधेच ठसका लागला तर मला बोल लावू नका. कारण आता जे सांगणार आहे, तो गाढवपणा संपूर्ण माझा आहे. त्यात दुसऱ्या कोणाचा कणभरही वाटा नाही.

आमची मेघा पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करते. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "बाबा, बुलढाण्यात आंतरराष्ट्रीय परिषद हाय. लोणारचं सरोवरही पाहाले मिळते म्हणून देशोदेशीचे शास्त्रज्ञ येऊन राह्यले. माह्यं भाषण हाय. तुम्ही याच!"

वडनेरहून बुलढाणा म्हणजे काही परदेश नाही. सकाळीच उठून भरताची वांगी भाजली, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी थापल्या, ठेचा कुटला. मेघाची आई शीला गेल्यापासून हे सगळं मीच करतो. भाकरी गोल होत नाहीत. पण पोटात गेल्यावर कोण बघतो?

तर कॉलेजच्या त्या हॉलमध्ये मी शेवटच्या रांगेत बसलो. एक तरुण बोलला. तो थांबतो न थांबतो तोच पहिल्या रांगेतून एक उंच, लालबुंद, पांढऱ्या दाढीचे गोरे म्हातारे उठले. प्रश्न! त्यावर दुसरा प्रश्न! बिचाऱ्याला घाम फुटला. मग एक जपानी बाई बोलल्या. पुन्हा तेच म्हातारे! बाई चष्माच पुसत बसल्या.

मी मनात म्हटलं, अरे, हे तर आमचे गुलाबराव!

गुलाबराव कोण, ते सांगतो. मी बरीच वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होतो. ग्रामसभेत कोणताही विषय निघो, गुलाबराव उठणारच. "माहा एक सवाल हाय!" त्या एका सवालापायी कितीतरी चांगली कामं आडवी झाली. म्हणून आम्ही एक उपाय काढला होता. नाजूक विषय आला, की आमच्यातला एक जण गुलाबरावांना कोपऱ्यावर भजी खायला न्यायचा. ते मिशा पुसत परत येईपर्यंत ठराव मंजूर! हे काम बहुतेक माझ्याकडेच असायचं. आणि अभिमानानं सांगतो, माझ्या हातून गुलाबराव कधी सुटले नाहीत.

मेघाचं भाषण जेवणानंतर लगेच होतं. पोरगी धास्तावलेली. डबा पुढे केला तर म्हणाली, "नको बाबा, घशाखाली उतरून नाही राह्यलं." तिची आई असती तर नुसता पाठीवरून हात फिरवला असता. मला ते जमत नाही. मला जे जमतं, ते मी केलं.

गोरे गुलाबराव पनीरच्या रांगेत उभे होते. मी बी.कॉम.चं सगळं इंग्रजी एकवटलं. "सर, होम फूड. व्हेरी फेमस. कम!"

आले की हो!

हॉलमागे कडुलिंबाच्या झाडाखाली त्यांना बसवलं. पहिल्या घासालाच भरीत आवडलं. घंटा वाजली. ते उठू लागले. मी दुसरी भाकर वाढली. ती संपली, पुन्हा उठू लागले. मी ठेचा वाढला. त्यानंतर माणूस उठतो कुठला? डोळ्यांतून धारा, नाकातून धारा! मग पाणी. मग गूळ. पाहुणचारात आपण कमी पडलो नाही.

डबा मात्र संपला. आता काय करावं? सुचेल ते विचारलं. "सर, तारा मेल्यावर मागे काय राहतं?"

म्हातारे बसले ते बसलेच. त्यांनी सावकाश, मला समजेल अशा इंग्रजीत सांगितलं. मोठा तारा मरतो, तेव्हा कधी कधी मधे एक लहानसा गोळा उरतो. तो स्वतःभोवती फिरत राहतो आणि त्याचे ठोके इथवर पोचतात.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस?" ते हसले. "लाखो वर्षं."

खरं सांगू? त्यानंतर मी त्यांना अडवत होतो की ऐकत होतो, माझं मलाच कळेना. एकामागून एक विचारतच गेलो.

आतून टाळ्या ऐकू आल्या. ठराव मंजूर! मी ऐटीत दाराशी गेलो. मेघा बाहेर आली.

"काय गं, कोणी प्रश्न विचारला?"

"एकही नाही."

"मंग? चेहरा काऊन असा?"

"बाबा, प्रश्न नाही आला म्हणजे कोणाले त्याचं काही पडलेलंच नाही! अन् ज्याहीच्यासाठी मी एवढी तयारी केली, ते हॉलंडचे सरच नव्हते. त्याहीच्याकडं माह्या पुढच्या कामाची जागा हाय. भाषण ऐकून ठरवतो म्हणाले होते. त्याहीची खुर्ची खाली. अन् शेवटच्या रांगेत पाह्यलं तं तुमचीबी खाली!"

मी रिकामा डबा हळूच पाठीमागे नेला. "मेघा, त्या सरांची दाढी पांढरी हाय का?"

"हाव."

"अन् त्याहीले... ठेचा सोसते का?"

"बाबा! काय केलं तुम्ही?"

सांगितलं. गुलाबरावांपासून गुळापर्यंत सगळं. तिनं कपाळावर हात मारला. "अहो, ते काय ग्रामसभेत आले होते?"

सर नळावर हात धूत होते. डोळे अजून लालच होते. मेघा भडाभडा इंग्रजी बोलली. त्यात 'फादर' हा शब्द वारंवार आला आणि दर वेळी मी माझ्या चपलांकडे बघितलं. सरांनी सगळं ऐकलं आणि तिथंच पायरीवर बैठक मारली. "चल, आता सांग."

मेघानं लॅपटॉप उघडला. आणि प्रश्न तरी किती विचारावेत माणसानं! सुरुवातीला प्रत्येक प्रश्नाला माझी नजर भज्यांची गाडी शोधायची. मग माझं मेघाकडे लक्ष गेलं. पोरगी खुलली होती. एकदा तर ती सरळ म्हणाली, "हे मला माहीत नाही." म्हाताऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "मलाही नाही! म्हणूनच तू आमच्याकडे ये."

मी सुटलो. निदान मला तसं वाटलं.

संध्याकाळी मला सोडायला मेघा बसस्टँडवर आली. एकटीच हसत होती.

"काऊन हसून राह्यली?"

"सर काय म्हणाले सांगू? घंटा त्याहीले ऐकू आली होती. जायाचंच होतं. पण म्हणाले, तुझ्या वडिलांशी बऱ्याच दिवसांत कोणी निवांत बोललेलं दिसत नाही. अर्ध्यात टाकून जाववेना."

म्हणजे बघा, लिंबाखाली नेमकं कोणी कोणाला बसवून ठेवलं होतं?

"मले विचारत होते," मेघा म्हणाली, "तू एवढ्या लांब आल्यावर ते एकटे कसे राहतील?"

"मंग? तू काय म्हणाली?"

"म्हटलं, त्यांची काळजी नका करू, सर. एसटीत ते ज्याच्या बाजूला बसतात, त्याचं उतरायचं गाव मागंच राहून जाते."