किकवीची सावड

लोकांना कॉलेजातले मित्र आठवले की डोळे पाणावतात म्हणे. मला माझा किकवीचा मित्र आठवला की आधी पोटात दुखतं. मी आज जो काही आहे तो बराचसा त्याच्यामुळं आहे, हे मी कुणालाही सांगीन. पण सांगताना आतून जळतोच.

पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. भोरच्या कॉलेजात शिकताना आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. मी गुंजवण्याचा, तो किकवीचा आणि तिसरा कामथडीचा. कामथडीच्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, कारण तो माझ्यासारखाच होता, इंग्रजीला भिणारा आणि दुसऱ्याच्या डब्यातल्या चटणीवर डोळा ठेवणारा. किकवीचा मात्र सगळ्यात पुढं. त्यानं आम्हा दोघांना इंग्रजी वाचायला लावलं, चारचौघांत उभं राहून बोलायला लावलं, हॉटेलात मान वर करून चहा मागायला शिकवलं. आणि हे सगळं इतकं सहज, की त्याच्यावर धड चिडताही येईना. आमचे सदरे एकाच कापडाचे, एकाच शिंप्यानं शिवलेले, पण त्याच्या अंगावर तो सदरा वाटायचा आणि माझ्या अंगावर गोणपाट. सर वर्गात आले की आधी त्याच्याकडं बघायचे. मी मनाशी म्हणायचो, असू दे, कॉलेजात तू, पण माझ्या घरी तरी मीच.

तेही फार दिवस टिकलं नाही.

पहिलं वर्ष संपलं आणि ऐन हंगामात बैलानं वडिलांच्या पायावर पाय दिला. हाड मोडलं. आमच्याकडं भाताची लावणी सावडीनं व्हायची. आज आमच्या खाचरात तुम्ही या, उद्या तुमच्या खाचरात आम्ही येतो. सावड अंगमेहनतीनंच फेडायची असते, आणि ती बुडवणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. वडील म्हणाले, माझाच पाय असा, लोकांची सावड मी फेडणार कशी? तेव्हा यंदा कुणाला बोलवायचं नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "कालेज पुरं झालं. आता हितंच ऱ्हा."

मी मान हलवली. आमच्या घरात वडिलांपुढं दुसरं काही हलवायची पद्धत नव्हती.

कॉलेज उघडलं तरी माझा पत्ता नाही, म्हणून ते दोघं एक दिवस घरी येऊन थडकले. नसरापूरला एसटी बदलून मार्गासनीला उतरले आणि पुढं पावसात चिखल तुडवत आले. मला वाटलं, आता किकवीचा वडिलांपुढं शिक्षणावर भाषण ठोकणार. त्यानं पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि सरळ खाचरात उतरला.

त्याला लावणीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं लावलेली रोपं त्याच्याच मागं तरंगायला लागली. वडील घोंगडी पांघरून बांधावर बसले होते. माझं एक रोप वाकडं गेलं तर ते अख्खं गाव ऐकेल असे ओरडायचे. मी वाट बघत होतो, आता याची खरडपट्टी निघणार. वडील हसायला लागले! त्यांना एवढे दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"आबा, असं का?" तो विचारायचा.

"आसं न्हाई रं लेकरा. आंगट्यानं दाब जरा."

लेकरा! मला ते जन्मभर 'ए' म्हणून हाक मारत आले. दुपारी आईनं त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला, माझ्या भाकरीवर रोजचा ठेचा. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते मला त्या जेवणात पटलं. कामथडीचा चिखलात दोनदा बदकन बसला, त्याच्याकडं तर कुणी बघितलंसुद्धा नाही. तेवढाच मला आधार.

लावणी उरकेपर्यंत दोघं राहिले. निघताना वडिलांनी किकवीच्याला विचारलं, "तुमचं रान हाय का रं तिकडं?"

"हाय की आबा. माळाला जोंधळा असतो. माघात काढणी."

"मंग तुमची सावड आमच्यावर बसली." वडिलांनी पायाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ए, तू जा ह्यांच्यासंगं भोरला. जोंधळ्याची काढणी करून सावड फेड. फिटल्याबिगर परत यायचं न्हाई."

मी पिशवी भरली. जीव हरखून गेला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या आनंदातही खडा होताच. मला कॉलेजात धाडलं ते माझ्यासाठी नव्हे, त्याची फेड करायला.

माघ आला. तो म्हणाला, यंदा जोंधळा वाळूनच गेला. पुढच्या माघात म्हणाला, चुलत्यानं आधीच काढून टाकला. मधल्या काळात वडिलांचा पाय बरा झाला, ते पुन्हा गावच्या सावडीत उतरले. मी सुट्टीत घरी गेलो की त्यांचा एकच सवाल, "फिटली का सावड?"

"न्हाई अजून."

"मंग हितं काय करतोस?"

असं करता करता मी बी.ए. झालो. निकालानंतर मी त्याला न सांगता किकवीला गेलो. म्हटलं, काढणी नसली तर नसू दे, रानातली ढेकळं तरी फोडून देऊ. दारात त्याची आई भेटली.

"रान?" ती म्हणाली. "आमचं कुठलं रान बाबा? आमी लोकाच्या रानात जातो कामाला."

मी त्याच पावली गुंजवण्याला निघालो. गाडीत बसल्या बसल्या मला उकळ्या फुटत होत्या. सापडला, अखेर सापडला! घरात पाय टाकल्या टाकल्या मी वडिलांना म्हणालो, "आबा, तुमचं लाडकं लेकरू खोटं बोललं. त्याला गुंठाभर रान न्हाई."

वडील तंबाखू मळत होते. "ठावं हाय," म्हणाले.

"कवापास्नं?"

"तवाच. रान आसलेला मानूस रानाला नावं ठेवल्याबिगर बोलतो व्हय? पानी न्हाई म्हन, पाखरं खात्यात म्हन. ह्यानं एकदाबी नावं ठेवली न्हाईत."

"मग मला कशाला धाडलंत?"

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली.

"तू शिकावं आसं लई वाटत हुतं. पन एकदा न्हाई म्हनून बसलो हुतो, मंग 'जा' म्हनाया त्वांड हुईना. त्या पोरानं वळाकलं."

मित्राचे उपकार मी कधी नाकारले नाहीत, आजही नाकारत नाही. पण माझ्या बापाच्या मनातलं त्यानं एका लावणीत ओळखलं, आणि मी त्याच घरात लहानाचा मोठा झालो होतो. त्याचा मला अजून हेवा वाटतो.