वाघमारे सर आणि अवधाण

वाघमारे सरांनी माझा चेहरा पहिल्यांदा कधी पाहिला ते मला माहीत नाही, मान मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत पाहिली. नवघरमधल्या त्यांच्या दवाखान्यातली आतली खोली मला दातांच्या दवाखान्यासाठी मिळेल का, हे विचारायला मी गेले होते. मी खोलीबद्दल बोलतेय आणि हा माणूस माझ्या जबड्याच्या कडेकडे टक लावून बसलेला. मग ते उठले, माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि "हलू नका" म्हणत दोन्ही हातांची बोटं माझ्या हनुवटीखाली घालून चाचपू लागले. मी दचकून उभी राहिले. "उजवीकडे एक आहे, वाटाण्याएवढी," ते शांतपणे म्हणाले. "अक्कलदाढ त्रास द्यायलीय का? दाताच्या डॉक्टर ना तुम्ही?" दाढ खरंच त्रास देत होती, त्यामुळे माझा राग आणखी वाढला.

निदान आधी विचारत तरी जा, असं मी त्यांना पुढे कैकदा सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "विचारलं की माणूस मान ताठ करतो. मग हाताला काय लागणार, कप्पाळ?"

सर मूळचे नांदेडकडचे. शिकायला मुंबईत आले, काही वर्षं एका मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवली, मग कान-नाक-घशाचे डॉक्टर झाले आणि भाईंदर पूर्वेला नवघरमध्ये दवाखाना टाकला. पेशंट त्यांना डॉक्टर म्हणत. मी सर म्हणत असे, कारण माझ्याशी ते शिकवण्याखेरीज दुसरं काही बोलतच नसत. आणि शिकवायचा विषयही एकच, मानेतल्या गाठी. माणसाच्या मानेत लसिकेच्या, म्हणजे लिंफच्या, बारीक गाठी पसरलेल्या असतात, धडधाकट माणसाच्याही असतात. पूर्वी त्यातल्या एकेकीला लांबलचक लॅटिन नाव होतं. पुढे डॉक्टरांनी मानेचे भाग पाडले आणि त्यांना आकडे दिले. हनुवटी आणि जबड्याखालची ती पहिली लेव्हल. कानामागून छातीकडे जो तिरका स्नायू उतरतो, त्याच्या आडोशाने वरून खाली दुसरी, तिसरी आणि चौथी. मानेच्या मागच्या अंगाला पाचवी, समोर श्वासनलिकेपाशी सहावी. हे सगळं मी कॉलेजात पाठ केलं होतं आणि परीक्षा झाल्यावर रीतसर विसरले होते. सरांनी मला ते विसरू दिलं नाही.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात नुसतं "मानेत गाठी" असं आलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. रिपोर्ट हातात धरून ते थेट माझ्या खोलीत येत. माझ्या खुर्चीत पेशंट तोंड उघडून पडलेला असे, त्याचं त्यांना काही नसे. "मानेत म्हणजे कुठं? तुम्हाला कुणी विचारलं कुठं राहता, तर मीरा-भाईंदर सांगता का? रिक्षावाला म्हणेल, बाई, नवघर का नया नगर का उत्तन, ते तर बोला. आणि इथं माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे तर नुसतं मानेत." पेशंट भेदरून माझ्याकडे बघे आणि मी सरांना दाराकडे बोट दाखवत असे.

त्यांचा लाडका शब्द होता अवधाण. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला जुनी मराठी माणसं अवधाण म्हणतात. मानेतल्या गाठीलाही तेच म्हणतात. आमच्याकडे निम्मे पेशंट हिंदीत "गांठ हो गया है" म्हणत येत, पण एखादी म्हातारी अवधाण म्हणाली की सर खुश. "या शब्दात सगळं आलं, बघा. अवधाण आपलं आपण येत नसतं. कुठंतरी जखम असते, तिचं ते येतं. प्रत्येक गाठीचा इलाका ठरलेला आहे. अवधाण आलंय म्हणताय ना, मग जखम दाखवा." अडचण अशी की लोक हा शब्द नेमका उलटा वापरत. अवधाण आहे, म्हणजे काही नाही, आपोआप जाईल. ज्या शब्दापासून सरांचा शोध सुरू व्हायचा, त्याच शब्दावर लोकांचा तो संपायचा. सर तिथेच चिडत.

आणि चिडले की त्यांच्या जिभेला हाड राहत नसे. नया नगरची एक बाई मुलीला घेऊन आली होती. मुलीच्या मानेच्या मागे बारीक गाठी होत्या आणि टीबीच्या भीतीने आईला रडू आवरत नव्हतं. सरांनी गाठी चाचपल्या, मुलीचे केस बाजूला केले आणि म्हणाले, "टीबी-बीबी कुछ नहीं. सर में जुएँ हैं, खुजाके ज़ख़्म हुआ है. कंघी ख़रीदो, रोना बंद करो." निदान अगदी बरोबर होतं. पण बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं, आणि ती बाई पुन्हा आमच्या दवाखान्याची पायरी चढली नाही. मी सरांना म्हटलं, "जरा हळू बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "उवा हळू बोलून मरतात का?" अशा माणसाशी वाद तरी काय घालायचा?

आमच्या दोघांच्या पेशंटांना नंबर द्यायला जसिंता बसायची. ती उत्तनजवळच्या पालीची, तिथल्या ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातली. स्कूटरवरून यायची, कामाला चोख आणि सरांना न घाबरणारी एकमेव व्यक्ती. एकदा डबा खाताना ती सहज म्हणाली, "बस्त्यावला अवधाण आलंय कानाखाली. दुखत न्हाय काय न्हाय, पण दाढी करताना लागतं हाताला." बस्त्याव म्हणजे तिचा नवरा, बोटीवर जाणारा. सरांनी हातातला घास खाली ठेवला. "दुखत नाही? मग उद्या घेऊन ये." जसिंता हसली. "अवो, दुखत न्हाय म्हणतेय मी." सर म्हणाले, "दुखरी असती तर मी तुला घरी मीठ-पाण्याच्या गुळण्या सांगितल्या असत्या. न दुखणारीची मला भीती वाटते."

त्यानंतर तिला रोज सकाळी दारातच प्रश्न, नवरा कुठंय. शेवटी कंटाळून तिने त्याला आणलं. मी आतून सगळं ऐकत होते. सरांनी मागे उभं राहून मान चाचपली. "दुसरी लेव्हल, उजवी. टणक आहे. तंबाखू कधीपासून खाता?" मग म्हणाले, नाकातून दुर्बीण घालून जिभेची मागची बाजू बघावी लागेल. बस्त्याव म्हणाला, "गाठ मानेवर हाय, डॉक्टर. नाकात कशाला घालता?" अगदी साधा, रास्त प्रश्न होता. या गाठीचा इलाका जिभेचं मूळ आणि टॉन्सिल, जखम असली तर तिथेच असणार, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. सर म्हणाले, "समुद्रावर जाताना अक्कल किनाऱ्यावर ठेवून जाता काय?" बाकावरचं कुणीतरी हसलं. बस्त्याव उठला, चप्पल घातली आणि निघून गेला. त्या दिवशी मी सरांना नको ते बोलले. शेवटी ते एवढंच म्हणाले, "गोड बोलायला मी काय मिठाईवाला आहे?"

काही आठवड्यांनी जसिंता केक घेऊन आली. दिराच्या ओळखीने एका नर्सिंग होममध्ये बस्त्यावची गाठ काढून टाकली होती. सरांनी केकला हात लावला नाही. "गाठ तपासायला कुठं दिली?" गाठ बरणीत घालून घरच्यांच्याच हातात दिली होती, लॅबमध्ये नेऊन द्या म्हणून. "मग?" जसिंता चाचरली. "सासूने समुद्रात टाकली. माणसाच्या अंगाचा तुकडा घरात ठेवायचा न्हाय म्हणाली."

मला वाटलं आता छप्पर उडणार. पण सर ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पत्ता लिहिलेलं पाकीट घरी आलं होतं, बाई. तुम्ही ते न फोडता पाण्यात टाकलं." मग कधी नव्हे ते त्यांनी तिला सावकाश समजावलं. गाठ गेली म्हणजे जखम गेली असं नसतं, ती आत आहे, मला ती शोधू दे. जसिंताला ते पटेना. "पण डॉक्टर, आता मान साफ हाय त्याची. काय बघायचं?" जोवर गाठ होती तोवर निदान दाखवायला काहीतरी होतं. आता सरांच्या हातात पुरावाच नव्हता. नंतर ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगा त्यांना, असं बोलू नका. मला घरी झोप लागत न्हाय." मी तिला सांगितलं, सर म्हणतात ते खरं आहे, एकदा दुर्बीण होऊन जाऊ दे. "तुम्ही पण?" म्हणाली ती, आणि त्या महिन्याअखेर काम सोडून गेली.

मग सर दर रविवारी पालीला जायला लागले. गुडघे दुखत असताना, रिक्षाने, न बोलावता. एकदा मी त्यांना गाडीतून नेलं. बस्त्याव दारात जाळं विणत बसला होता. त्याने जुना अपमान काढला नाही, आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला. सर गोड बोलायचा प्रयत्न करत होते आणि ते त्यांना मुळीच जमत नव्हतं. जाळ्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे बघा, इथली एक गाठ कापली म्हणून सबंध जाळं..." बस्त्याव हसला. "जाळ्यातली गाठ आम्ही मारतो, डॉक्टर. मानेतली देवाने मारली, तुमच्या डॉक्टरने कापली. झालं ना आता?" बोलता बोलता तो सारखा घसा खाकरत होता. सरांनी विचारलं, काय होतंय. "काटा अडकलाय." कधीचा? "असंल, पावसाच्या आधीचा." आईने सुक्या भाताचे गोळे गिळायला दिले होते, केळं दिलं होतं, काटा काही हलत नव्हता. "इतके दिवस काटा राहत नाही, बाबा," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून बाबा हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. बस्त्याव म्हणाला, "मासळी खाणाऱ्याच्या घशात काटा असायचाच की."

परतताना सर म्हणाले, "जखम माझ्यासमोर बसून खाकरत होती, आणि मी चहा पिऊन आलो."

जसिंताचा फोन आला तेव्हा आम्ही दोघंही दवाखान्यात होतो. सरांनी फोन स्पीकरवर टाकला. "डॉक्टर, दुसरी आली. आता डावीकडे हाय. जबड्याच्या कोपऱ्याखाली, तो तिरका स्नायू हाय ना, त्याच्या पुढच्या कडेला. टणक हाय, हलत न्हाय. दुखत न्हाय." बाहेर बसून तिने इतकी वर्षं सरांची आरडाओरड ऐकली होती, त्यातलं सगळं तिला येत होतं. "बरोबर बघितलंस," सर म्हणाले. "आत्ता घेऊन ये." फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ तो पुसत बसले.

जखम जिभेच्या मुळाशीच होती. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात जे करता येतं ते सगळं झालं, पण कॅन्सर फार पसरला होता. पुढच्या वर्षीचा पावसाळा संपून बोटी पुन्हा समुद्रावर निघाल्या, तोवर बस्त्याव गेला होता.

मला या सगळ्याचा राग येतो, आजही येतो. बरणी नातेवाइकांच्या हातात देणाऱ्या त्या नर्सिंग होमचा येतो. "अवधाण आहे, जाईल" या सवयीचा येतो. पण सगळ्यात जास्त सरांचा येतो. या माणसाला सगळं कळत होतं. कळलेलं दुसऱ्याच्या गळी कसं उतरवायचं तेवढं मात्र त्यांना कधी कळलं नाही, आणि कळून घ्यावं असंही वाटलं नाही. आता ते दवाखाना बंद करून नांदेडला भावाकडे राहतात. फोनवर बोलतो आम्ही. बस्त्यावचं नाव दोघंही काढत नाही.

बस्त्यावच्या मातीच्या दिवशी मी सरांसोबत पालीला गेले होते. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसले. दफन झाल्यावर लोक घरी जमले, तेव्हा जसिंता सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, बरंच काही ऐकवेल. ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसंच झालं सगळं. एक शब्द चुकला न्हाय तुमचा." भोवतालच्या लोकांनी माना डोलावल्या. एकाने तर सरांना नमस्कार केला.

सरांनी तो नमस्कार घेतला नाही. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "मला खोटं पाडायचं होतंस, बाई," ते म्हणाले. "एकदा तरी मला खोटं पाडायचं होतंस."